पाय पॅडलवर नव्हता

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
यांत्रिक अपघात निवारण कार्यालय,
दुसरा मजला, खोली क्रमांक ९
(जिचे दार कायम आतून ओढून घेतलेले असते ती).

विषय : पियानो कारखान्यातील छिद्रण यंत्र क्रमांक ३ वरील अपघातासंबंधी मी दिलेली खोटी साक्ष रद्द करून माझ्यावर कारवाई करण्याबाबत. (अर्ज चौथा)

संदर्भ : १) आपला चौकशी अहवाल. २) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. ३) आपल्या कार्यालयाची तीन उत्तरे, ज्यांत उत्तर कुठेही नाही.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज सादर करते की,

१. मी सदर कारखान्याच्या छिद्रण विभागात अकरा वर्षे हंगामी मदतनीस होते आणि त्यानंतर चौदा महिने कायम यंत्रचालक. ही बढती मला कशी मिळाली ते पुढे येईल. आपल्या अहवालात यंत्राचे वर्णन 'लाकडास भोके पाडण्याचे साधे यंत्र' असे एका ओळीत उरकले आहे. आपण ते यंत्र पाहिलेले नाही, म्हणून आधी तेच सांगते.

२. पियानोच्या पोटात कठीण लाकडाचे थर चिकटवून केलेली एक जाड फळी असते. तिच्यात सव्वादोनशेच्या वर भोके असतात. प्रत्येक भोकात एक लोखंडी खुंटी ठोकतात आणि खुंटीला तार गुंडाळतात. भोक केसभर सैल झाले तर खुंटी धरत नाही, तार उतरते, आणि घेणाऱ्याच्या घरी पियानो महिन्याभरात बेसूर होतो. आमचे यंत्र ही भोके पाडते. फळी गाड्यावर सरकते. चालकाने पॅडल दाबले की वरून गिरमिट फिरत उतरते, पाय काढला की वर जाते. निदान तसे जायला हवे. चालकाचे दोन्ही हात सतत फळीवर असतात.

३. या यंत्रावर माझ्या नणंदबाई एकवीस वर्षे बसत होत्या. आपल्या कागदात त्या 'जखमी' आहेत. मी त्यांना वन्सं म्हणते. मला कारखान्यात त्यांनीच चिकटवले आणि काम त्यांनीच शिकवले. गिरमिट तापले की भोक आतून जळते, काचेसारखे गुळगुळीत होते, आणि तशा भोकात खुंटी घसरते. हे डोळ्यांना दिसत नाही. वन्सं उजव्या हाताचे पहिले बोट भोकाच्या तोंडावर टेकवून सांगत, हे ठेव, हे बाद. कारखान्यात मापाची साधने पुष्कळ आहेत. त्यांनी मापून झाले की फोरमन वन्संच्या बोटाला विचारायला येत असे.

४. यंत्रात दोष होता. वर गेलेले गिरमिट कधीकधी पॅडलला पाय न लावता पुन्हा खाली येत असे. वन्संनी दुरुस्तीच्या वहीत ते तीनदा लिहिले. त्यावर दुरुस्ती अशी झाली की गिरमिटापुढची लोखंडी जाळी फोरमनने काढून नेली, कारण जाळीमुळे भुसा झटकायला वेळ लागतो आणि फळ्या कमी होतात. आजार रेड्याला, औषध पखालीला, असे म्हणतात. इथे औषधही नव्हते, होती नव्हती ती पखालही काढून नेली.

५. अपघात सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी झाला. मी चार हातांवर फळ्या पुसत होते. वन्संच्या पायाला पेटका आला होता, म्हणून त्यांनी पाय पॅडलवरून काढून स्टुलाच्या आडव्या दांडीवर घेतला होता आणि त्या टाच दांडीवर घासत होत्या. मी त्या पायाकडेच पाहत होते, कारण चोळून देऊ का असे विचारणार होते. त्यांनी भोकावरचा भुसा बोटाने बाजूला केला आणि गिरमिट उतरले. त्या ओरडल्या नाहीत. 'बंद कर,' एवढेच म्हणाल्या. मी बटण बंद केले. उजव्या हाताची पहिली दोन बोटे गेली.

६. आपण सहाव्या दिवशी आलात. तोवर जाळी परत बसली होती, हिरवा रंग अजून हाताला लागत होता. पॅडलची स्प्रिंग नवी होती, आणि दुरुस्तीची वहीसुद्धा नवी. आदल्या दिवशी व्यवस्थापकांनी मला खोलीत बोलावून खुर्ची दिली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, बोटे काही परत येत नाहीत, पण चौकशीत यंत्र बंद पडले तर विभागातल्या सगळ्यांच्या चुली विझतील. मग म्हणाले, 'तीन नंबरची जागा रिकामी आहे. कायमची.' मी होय म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. खुर्चीवरून उठले मात्र होय म्हणूनच.

७. आपण छिद्रण विभागात आला नाहीत. तिथे धूळ असते असे आपल्याला सांगण्यात आले होते. ते खरे आहे. आपण पुढच्या दालनात बसलात, जिथे विक्रीचे पियानो मांडलेले असतात. माझा जबाब मी दालनात शिरण्यापूर्वीच टाइप झालेला होता. आपण मला एकच प्रश्न विचारलात : 'पाय पॅडलवरच होता ना?' महोदय, त्यातला 'ना' आपला आहे. मी 'हो' म्हटले, तेवढा माझा. मी सही करत असताना आपण शेजारच्या पियानोची एक पट्टी दाबून पाहिलीत आणि आवाज छान आहे असे व्यवस्थापकांना सांगितलेत.

८. आपल्या अहवालावरून वन्संना कामावरून काढले गेले. त्यांच्या सेवापुस्तकात तांबड्या शाईने 'निष्काळजी, यंत्रकामास अपात्र' अशी नोंद झाली. ते पुस्तक घेऊन त्या चार कारखान्यांत जाऊन आल्या. एकाही ठिकाणी कोणी त्यांचा हात पाहायला मागितला नाही. पुस्तक पाहूनच परत दिले. पुढच्या महिन्यात त्यांच्या स्टुलावर मी बसले. दुसऱ्याच आठवड्यात गिरमिट माझ्यासमोर आपोआप उतरले. माझे बोट तिथे नव्हते, एवढाच काय तो फरक.

९. वन्संना डाव्या हाताने वेणी घालता येत नसे. रोज सकाळी कामावर निघण्यापूर्वी ती मी घालत असे. त्या पाठमोऱ्या बसून यंत्राची चौकशी करत : गिरमिट किती फळ्यांनी बदलता, जळका वास येतो का. मी पाठीमागून उत्तरे देत असे. समोरून देता आली नसती. आपल्या अहवालात साक्षीदाराचा उल्लेख 'एक सहकारी' असा आहे. वन्सं समजत होत्या की तो फोरमन. एका सकाळी त्या म्हणाल्या, त्याला एकदा घरी बोलावू, भांडायचे नाही, फक्त विचारायचे आहे की बाबा, तू असे का सांगितलेस. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी आपल्याला पहिला अर्ज लिहिला.

१०. पहिल्या अर्जाला उत्तर आले की साक्ष मागे घेण्याचा विहित नमुना उपलब्ध नसल्याने अर्ज परत करण्यात येत आहे. दुसऱ्याला उत्तर आले की साक्षीदारास तक्रारीचा अधिकार नाही, जखमी व्यक्तीने स्वतः अर्ज करावा. मी वन्संना एवढेच सांगितले की फेरचौकशीचा अर्ज केला तर ऐकतात म्हणे. त्यांनी डाव्या हाताने, दोन दिवस खपून, एक पान लिहिले. ते फेटाळले गेले. कारण : अर्जावरील सही कार्यालयातील नमुना सहीशी जुळत नाही. महोदय, ती सही ज्या बोटांची होती ती कुठे गेली हे शोधण्यासाठीच आपली चौकशी नेमली होती. माझ्या तिसऱ्या अर्जाला आपण स्वतःच्या सहीने उत्तर दिलेत : 'आपण खोटी साक्ष दिल्याचे आपणच मान्य करीत आहात. सबब आपल्या म्हणण्यावर विश्वास ठेवता येत नाही, आणि आपली मूळ साक्ष ग्राह्य धरण्यात येत आहे.' हे वाक्य मी कारखान्यातल्या चार जणांना वाचून दाखवले. चौघांनीही ते पुन्हा वाचायला सांगितले.

११. ते पत्र आपण माझ्या घरच्या पत्त्यावर पाठवलेत. मी कामावर होते. वन्संनी पाकीट दातांनी फोडले. संध्याकाळी मी आले तेव्हा पत्र ओट्यावर मिठाच्या बरणीखाली होते आणि वन्सं शेजारी उभ्या होत्या. मी शिव्यांची वाट पाहत होते. त्यांनी विचारले, 'पाय कुठे होता माझा?' मी म्हटले, 'दांडीवर.' त्या म्हणाल्या, 'बरं झालं. मला वाटायला लागलं होतं, चुकून राहिलाच असेल पॅडलवर.'

महोदय, त्यांची बोटे यंत्राने नेली. ही दुसरी गोष्ट आपण आणि मी मिळून नेली, आणि तिची नोंद कोणत्याही पुस्तकात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डाव्या हातात कात्री धरून आपले केस मानेपाशी कापले, वेडेवाकडे. माझ्या हाताला काम उरले नाही. माझे पती त्यांचे सख्खे धाकटे भाऊ. त्यांना सगळे सांगितल्यावर ते ताट घेऊन बहिणीच्या खोलीत जेवायला गेले. ते अजून तिथेच जेवतात.

१२. अठरा दिवसांनी वन्सं माझ्याशी बोलल्या, तेही कामाचेच. ज्या फळीवर गिरमिट आपोआप उतरे, त्या फळीच्या खालच्या अंगाला त्या सुतारी पेन्सिलीने तारीख आणि 'पाय न लावता' असे लिहीत असत. वहीतली पाने फाडता येतात, फळी कोण फाडणार, असे त्यांचे म्हणणे. त्या फळ्या आता लोकांच्या घरी पियानोंत आहेत. गावातल्या पियानोंचे सूर लावणारे म्हातारे गृहस्थ वन्संना मानतात. पट्ट्यांचा सांगाडा पुढे ओढून काढला की फळीची खालची बाजू आरशाने दिसते. त्यांनी पाच आठवड्यांत त्यांच्या नेहमीच्या फेरीतले नऊ पियानो पाहिले. तीन फळ्यांवर वन्संचे अक्षर सापडले : एक शाळेत, एक हॉटेलात, आणि एक कारखान्याच्या पुढच्या दालनात, अजून न विकलेल्या पियानोत. त्याचीच पट्टी आपण दाबली होतीत. त्यावरची तारीख अपघाताच्या नऊ महिने आधीची आहे.

तिन्हींचे फोटो घेऊन मी आपल्या खिडकीशी आले. आपल्या कारकुनाने ते निरखून पाहिले आणि पेन्सिलीचा मजकूर पुरावा म्हणून चालत नाही, शाई लागते, असे सांगून परत केले.

१३. गेल्या सोमवारी मी तीन नंबर बंद केले. जाळी पुन्हा काढलेली आहे, ती बसेपर्यंत आणि पॅडल दुरुस्त होईपर्यंत मी बसणार नाही, असे व्यवस्थापकांना लेखी दिले. बुधवारी मला काढून टाकले. गुरुवारी पॉलिश विभागातली एक बाई माझ्या जागी बसली. तिलाही 'कायमची' असे सांगितले आहे. मी फाटकावर उभी राहून तिला सर्व सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, 'मग तुम्ही सव्वा वर्ष कशा बसलात?' भोंगा झाला, ती आत गेली.

१४. हा अर्ज वन्संनी वाचला आहे. परिच्छेद ५ मध्ये मी आधी 'हात गेला' असे लिहिले होते. त्या म्हणाल्या, 'दोन बोटं लिही. गेलं तेवढंच लिही, नाहीतर तुझ्यात आणि त्या साहेबात फरक काय?' म्हणून तिथे खाडाखोड आहे, आणि तिच्यावर माझी सही आहे.

सबब मागणी अशी की, माझी साक्ष रद्द करावी. खोट्या साक्षीबद्दल माझ्यावर खटला भरावा, मी हजर राहीन आणि वकील देणार नाही. वन्संच्या पुस्तकातली तांबडी नोंद काढावी. आणि छिद्रण यंत्र क्रमांक ३ आज बंद करावे.

पहिल्या तिन्हींना आपण हवा तेवढा वेळ घ्यावा, तशी आपली पद्धतच आहे. चौथीला वेळ नाही. मी स्टुलावर होते तेव्हा रोज मोजून ठेवले आहे : गिरमिट साधारण चाळीस फळ्यांमागे एकदा आपोआप उतरते. जाळीशिवाय दिवसाला दहा फळ्या होतात. रविवारी कारखाना बंद असतो. ती बाई गुरुवारी बसली. आज मंगळवार आहे.

'नम्र' हा शब्द मागील तीन अर्जांत वापरून संपला आहे, म्हणून केवळ

आपली,
(सही)
अर्जदार, हजेरी क्रमांक ११४,
छिद्रण विभाग (माजी)

दिनांक : २३, मंगळवार, सकाळी साडेआठ

सोबत : १) तीन फळ्यांचे फोटो. २) त्यांतील पेन्सिलीच्या मजकुराची नक्कल, शाईने. ३) आपले तिसरे उत्तर, मूळ प्रत, ते आपण एकदा मोठ्याने वाचावे.

प्रत : यंत्र क्रमांक ३ ची सध्याची चालक, कारखान्याच्या फाटकावर, समक्ष.