आत्याच्या गाडीचा संशयी स्वभाव

३ मार्च
आत्याने आज निकाल दिला. घर विकलं गेलंय, महिनाअखेर ताबा द्यायचाय, नव्या फ्लॅटला पार्किंग नाही. तेव्हा लाल गाडी गॅरेजमधून स्वतः चालवत जो फाटकापर्यंत आणेल, त्याची. हे फक्त दादाला आणि मला लागू. दादा म्हणाला, मग संपलंच की. त्याला वाटतं, बूड टेकलं की गाडी निघते. दोन सीटची स्पोर्ट्स कार, वयाने माझ्याहून थोडीच लहान, आणि गेलं वर्षभर ठप्प. मी शाळेत असताना आत्या मला तिच्यातून टेकडीच्या रस्त्याने भरधाव न्यायची. अख्ख्या घरात मला भित्री न म्हणणारी ती एकटीच. गाडी माझ्याकडेच यायला हवी. दादाने आजवर साधी छत्री सांभाळलेली नाही.

४ मार्च
गाडी तपासली. स्टार्टर फिरतो, इंजिन एकदा खोकतं आणि गप्प. समोर किल्लीचं चित्र लुकलुकत राहतं. दोष इमोबिलायझरचा. चोराला इंजिन सुरू करता येऊ नये म्हणून कंपनीने बसवलेली ही यंत्रणा. किल्लीत एक चिप असते, किल्लीच्या भोकाभोवती ती चिप वाचणारं कडं. कडं मेलंय. त्यामुळे गाडी सख्ख्या मालकिणीलाही चोर समजते. तो भाग आता बनत नाही. म्हणजे बायपास करणं आलं. दादाने विचारलं, म्हणजे काय करणं आलं? समजावत बसले नाही.
निश्चय: दहा तारखेला गाडी चालू.

६ मार्च
दादा एका गॅरेजवाल्याला घेऊन आला. त्याचा सल्ला: दुसऱ्या किल्लीतली चिप काढून कड्याजवळ टेपने चिकटवा. आंधळ्यासमोर दोन आरसे धरायचे. मी तसं सांगितलं. तरी दोघांनी चिकटवली. चित्र लुकलुकलं. दादाने टायरला लाथ मारली, तेवढाच त्याचा तांत्रिक सहभाग. आत्या ओट्यावरून म्हणाली, बरं चाललंय रे तुमचं. यात ‘तुमचं’ म्हणजे माझं धरलेलं नाही, असं मी समजते.

८ मार्च
बाबांनी मला लहानपणी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सोल्डरिंग शिकवलं. त्यांचा नियम: आधी लेबल, मग हात. म्हणून स्टिअरिंगखालच्या सगळ्या वायरींना लेबलं लावली. अक्षर सुवाच्य. दोन दिवस गेले, पण पाया पक्का झाला. दादा वाकून बघून गेला. मला इन्स्पेक्टर म्हणायची त्याची जुनी खोड. म्हणाला, इन्स्पेक्टर, हिच्या पोटात किराणा मालाचं दुकान उघडलंस का?

११ मार्च
मागवलेलं बायपास मॉड्यूल, म्हणजे किल्ली ओळखली असं गाडीला परस्पर सांगणारी डबी, जोडलं. इंजिन सुरू झालं नाही. वायपर मात्र सुरू झाले आणि थांबेनात. कोरडी काच, कर्रर्र कर्रर्र. शेवटी बॅटरी काढली. चूक पुस्तिकेची आहे. लिहिणाऱ्याने गाडी पाहिलेली नसणार, कदाचित वायरसुद्धा.
बाबा संध्याकाळी बघून गेले. म्हणाले, जोड सुंदर आहे, वायर चुकीची आहे. मोकळ्या मनाने कौतुक करणं आमच्या घराण्यात नाही.
दहा तारीख हा मुळात अंदाज होता.

१५ मार्च
मॉड्यूल परत पाठवलं. स्वस्त वस्तूंशी माझं जमत नाही. नवा मार्ग: इंजिनचा कॉम्प्युटर किल्लीबद्दल विचारतो, तो प्रश्नच त्याच्यातून काढून टाकायचा. हे काम करणारा एकजण सापडला. त्याला मी पेटीवाला म्हणते, कारण दिवसभर तो गाड्यांच्या कॉम्प्युटरच्या पेट्या उघडून बसलेला असतो.

१६ मार्च
कॉम्प्युटर काढून त्याच्याकडे नेला. असलं काम चोरही करून घेऊ शकतात, म्हणून आत्याचं संमतिपत्र, गाडीचे कागद, माझं ओळखपत्र, सगळ्याच्या दोन दोन प्रती दिल्या. त्याने एकही वाचली नाही. म्हणाला, ताई, चोर इतके कागद आणत नाहीत. बेजबाबदार माणूस. हात मात्र चांगला असावा.

१९ मार्च
सुरू झाली. कॉम्प्युटर परत बसवला आणि पहिल्या फटक्यात. किल्लीचं चित्र विझलेलं. काम मीच केलं म्हणायला हरकत नाही, पेटीवाल्याने फक्त पेटी उघडली. इंजिनचा तो घसा खाकरणारा आवाज ऐकून डोळ्यांत पाणी आलं. धूर होता.
तेव्हाच फाटकापर्यंत नेता आली असती. पण आत्या बँकेत गेली होती. साक्षीदाराशिवाय जिंकणं मला पटत नाही. घाई कसली? दादा तर दौऱ्यावर आहे.

२० मार्च
सकाळपासून अस्वस्थ. विम्याच्या कागदावर स्पष्ट लिहिलंय: कंपनीचा इमोबिलायझर बसवलेला आहे. आता तो असून नसल्यासारखा. न सांगणं म्हणजे खोटं बोलणं. फोन केला, सगळं खरं सांगितलं. पलीकडच्या मुलीने तेच पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, असं आपणहून कोणी सांगत नाही. मी म्हटलं, मी सांगते. तिने तिथल्या तिथे विमा स्थगित केला. तपासणी होईपर्यंत गाडी वापरायची नाही. तपासणी एप्रिलमध्ये.
दादाने फोनवर ऐकलं आणि म्हणाला, हात दाखवून अवलक्षण. मग इतका हसला की त्याला खोकला लागला. हसू दे. सचोटीला हसणारे लोकच पुढे मार्गदर्शन मागायला येतात.

२४ मार्च
आत्या म्हणाली, अगं पोरी, फाटकापर्यंतच तर न्यायचीय, आवार माझं, रस्ता कुठे लागतो? मुद्दा विचार करण्यासारखा आहे. पण आत्या वकील नाही. विमा कंपनीला विचारलं. कळवतो म्हणाले.

२८ मार्च
कळवलं नाही. पुन्हा विचारलं. रोज गाडी सुरू करून पाहते, कुरकुर नाही. गॅरेजमध्ये ती अत्यंत चांगली चालते.
दादा परत आलाय. बघायला हवं.

३१ मार्च
घराचे नवे मालक सकाळीच दारात. आत्या ओट्यावर, बाबा तिच्या शेजारी. मी गाडी सुरू करून आत बसले आणि विमा कंपनीला शेवटचा फोन लावला. फोनवर संगीत. दादा खिडकीशी आला, म्हणाला, काय म्हणतात? मी म्हटलं, माझा नंबर येतोय. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, हे मी मान्य करते. मग म्हणाला, सरक जरा.
विमा स्थगित असलेल्या गाडीत ड्रायव्हरच्या जागी बसून राहणं तसंही मला टोचत होतं. शेजारच्या सीटवर सरकले. दादाने गिअर टाकला. मी लगेच बेल्ट लावला. एवढ्या गडबडीत दुसऱ्या कोणाला सुचलं असतं?
फाटक आलं. आत्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, तू चालवावीस असं मला वाटत होतं गं. मी म्हटलं, आत्या, फोनवर आहे.

१ एप्रिल
विमा कंपनीचा फोन आला. खाजगी आवारात फाटकापर्यंत चालवायला काहीही हरकत नव्हती. म्हणजे काल काही गैर घडलं नाही. दादाला कळवून त्याची काळजी दूर केली. त्याला काळजी नव्हती.
गाडी ट्रकवर चढवून त्याच्या घरी नेली. मी पाहायला गेले नाही. उन्हाचा त्रास होतो.

९ एप्रिल
तपासणीला माणूस येणार, दादाच्या घरी. दादाला त्या दिवशी सुट्टी नाही, म्हणून मी थांबून गाडी सुरू करून दाखवायची आहे. इतक्या नाजूक कामाला शेवटी मीच आठवले. हो म्हटलं. किल्ली देताना दादाने बजावलं: नुसती सुरू कर, जागची हलवू नकोस.
हे मला सांगतो. अशा माणसाच्या हाती गाडी गेली.