माझी वीत आणि तुरीची काडी

ती. मनकर्णाअक्कास, झरीहून धाकट्या कुसुमचा नमस्कार.

तुझा गुडघा आता एसटीची पायरी चढू देतो का? दाजींना विचारलंय म्हणून सांग. इकडं माझा उजवा हात सोडला तर सगळे खुशाल. (अक्षर डाव्या हाताचं आहे. फोन करायचा, तर आमची सून रेणुका लगेच भांडी घासायची थांबून कान देते.)

तुला ठाऊकच आहे, कापसाची सरकी मातीत टोबायच्या वेळी वीस वर्षं बायांच्या पुढं मीच. माझ्या दोन वितींवर एक बी, आणि साऱ्या बायांनी तेच अंतर धरायचं. यंदा शेतमालक किशनरावांनी (मोबाईलवर शेती शिकायलेत) टेप आणला. म्हणे झाडं दाट होतात, अठरा इंच पाहिजेत. बांधावर बसवून सगळ्यांचे पंजे मोजले. माझी वीत भरली साडेसात इंच, रेणुकेची नऊ! “कुसुमबाई, उद्यापासून सूनबाईला पुढं चालू द्या,” म्हणाले. लग्नाला वर्ष झालं नाही तिच्या! अक्का, मी जळले गं. तिच्या भाकरीला माझ्यापेक्षा चांगला पापुद्रा येतो, तेही सोसलं होतं. पण बोटंसुद्धा लांब?

घरी येऊन बोटांना तेल चोळलं, पालथ्या पातेल्यावर पंजा होईल तेवढा ताणला आणि आखडू नये म्हणून वर पाटा ठेवला. वीत तेवढीच राहिली, करंगळी मात्र वांग्याएवढी सुजली.

रेणुकेनं हळद लावली. (तीही नीट लावते, मेली.) म्हणाली, “आत्याबाई, लय दुखायलंय का? तुमच्या दोन वितीची काडी कापून द्या. पुढं तुमचीच काडी चालंल, मी नुसती धरते.” मी तुरीची काडी कापली (माझ्या दोन विती आणि वर गुपचूप चार बोटं) आणि किशनरावांना सांगितलं, त्या दिवशी माझा हात आखडला होता, खरं माप हे. टेप लावला, अठरा इंच! आता सारं रान ‘कुसुमबाईच्या काडी’नं टोबलं जायलंय, आणि मी बांधावर बसून चुका काढते. मान राहिला.

तुझी,
कुसुम

ता.क. किशनरावांना अजून संशय आहे. आपल्या आईचीही वीत नऊ इंचांची होती, असं त्यांना फोनवर सांगशील का?

ता.क. दुसरा. फोन करू नकोस. आज रेणुकेनं त्या काडीवर स्वतःच्या दोन विती टाकून पाहिल्या. बरोबर बसल्या. तिनं माझ्याकडं बघितलं, काडी कोपऱ्यात उभी केली आणि हळद कालवायला घेतली. कुणाला बोललीसुद्धा नाही. सून जरा वाईट असती तर किती बरं झालं असतं गं.