रविवार घालवल्याबद्दल मामांचे आभार

ती. मामांस,

तुमच्या (अजून तरी नोकरीत असलेल्या) भाच्याचा साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? बरे असावेत. जिभेची चौकशी करत नाही, तिला कधीच काही झालेलं नाही.

गेल्या महिन्यात तुम्ही विजारीचं माप द्यायला दुकानात आलात आणि आमच्या मास्तरांना वारांची जन्मकथा ऐकवून गेलात. आकाशात नुसत्या डोळ्यांना दिसणारे सात भटके (सूर्य, चंद्र आणि पाच ग्रह), जुन्या लोकांनी एकेकाला एकेक दिवस वाटून दिला, वगैरे. मास्तरांनी आजवर शिलाईखेरीज कशात डोकं घातलं नव्हतं. तुम्ही घालायला लावलंत, फार उपकार झाले.

मंगळ लढाईचा, म्हणून गिऱ्हाइकांच्या तक्रारी आता फक्त मंगळवारी. आठवडाभर चिडलेले लोक एकदम येतात, एकमेकांना आपापल्या बाह्या दाखवतात आणि आणखी चिडतात. काल एका वकीलसाहेबांनी कोट माझ्या तोंडावर फेकला. (बाही खरंच आखूड होती, पण म्हणून काय फेकायचा?) शनी सगळ्यांत सावकाश चालणारा, म्हणून शनिवारी मशीनही सावकाश. तुमची विजार शनिवारीच शिवायला घेतली होती. दुसरा पाय गुडघ्यापर्यंत आला आणि दिवस संपला.

इथवर मी हसत होतो. पण रविवार सूर्याचा! "सूर्य कधी सुट्टी घेतो का?" म्हणत मास्तरांनी आमची सुट्टीच रद्द केली. तुमची भाचेसून परगावच्या इस्पितळात नर्स, चिमणी तिच्यापाशी. मला त्यांना भेटायला रविवार तेवढा होता. महिना झाला, पोरीचं तोंड पाहिलेलं नाही. परवा फोनवर चिमणी मला "बाबा" सोडून "अहो" म्हणाली, परक्याला म्हणावं तसं. थट्टा बाजूला मामा, रडू आलं हो मला.

मामींना नमस्कार.

तुमचाच,
भाचा

ता. क. : विजारीचं निमित्त करून या आणि मास्तरांच्या डोक्यात जे शिवून ठेवलंत ते स्वतःच्या हाताने उसवा.

ता. क. दुसरा : येऊ नका. आत्ताच चिमणीचा दुकानात फोन आला, तो मास्तरांनी उचलला. बाबा का येत नाहीत, असं तिने विचारल्यावर त्यांनी सूर्याचं सुरू केलं. ती म्हणाली, "मग रात्री तो कुठे जातो?" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "घरी." नंतर बराच वेळ सुईत दोरा ओवत बसले. ओवला जाईना, तेव्हा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "जा रविवारी." सोमवार चंद्राचा एवढं त्यांच्या लक्षात आहे, पण त्याचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही. कृपा करून तुम्ही सुचवू नका.