हसऱ्या बाईचा बिल्ला

१ सप्टेंबर, सोमवार

स्टॉर्नोवे शहरातून डॉक्टर आले, पोट दाबून पाहिलं आणि हवेबद्दल बोलायला लागले. तेव्हाच समजले! दाराशी फिनलेला हळूच सांगत होते, पण कान माझे शाबूत आहेत. पुढचा वसंत मला दिसायचा नाही.

फिनले नुसता विस्तव खालीवर करत बसला. बिचाऱ्याला माझ्या पोटापेक्षा आत्म्याची धास्ती. नवरा चर्चच्या पंचांपैकी एक 'वडील', प्रभुभोजनाच्या मेजाशी बसणाऱ्यांना येशूच्या आठवणीची भाकर वाटणारा — आणि बायको जन्मभर मागच्या बाकावर. चर्चला आमचं अख्खं गाव जातं, पण देवानं आपल्याला तारणासाठी निवडलंय अशी ज्याची खात्री, तोच मेजाशी बसतो. बहुतेकांना ती मरेपर्यंत होत नाही. मला केव्हाची आहे. पण उपदेश चालू असताना फिसकन हसणाऱ्या बाईला विचारतो कोण?

३ सप्टेंबर, बुधवार

रविवारी प्रभुभोजन, घरी पाहुणे. शेजारची एफी मटण शिजवायला आली. मला बघून म्हणते, "एवढं दुखतंय म्हणजे देव रागावलाय का गं तुझ्यावर?" म्हटलं, "रागावला असता तर ठणठणीत ठेवून अजून वीस वर्षं तुझ्या शेजारी राहायला लावलं असतं." दिवसभर बोलली नाही. बरा गेला दिवस.

जेवताना फिनलेला सांगितलं, या वेळी मीही बिल्ला मागणार — त्याच्याशिवाय मेजाशी बसू देत नाहीत. त्याचा चमचा हातातच राहिला.

"तुला खात्री आहे?"

"आहे."

"पण कशी? कशी होते?"

म्हटलं, चर्चच्या वडिलांसमोरच सांगेन. थोडं झुरू दे.

५ सप्टेंबर, शुक्रवार

फार दुखलं. देवाला चार शब्द सुनावले. मग आभारही मानले, उगाच भांडण नको.

६ सप्टेंबर, शनिवार

बिल्ला मागायला गेले. काळे कोट घालून वडील ओळीनं बसलेले, त्यांत आमचे हेही. आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, म्हणाले, "देवानं तुम्हाला निवडलंय, हे कशावरून?"

"मी काही त्याला निवडलं नसतं, साहेब. माझा स्वभाव गाव जाणतं. तरी त्याच्यावाचून मला करमत नाही. म्हणजे हे काम त्याचंच."

साहेबांना खोकला आला. असला खोकला मी ओळखते.

"आणि हे दुखणं?"

"त्याच्या पोटच्या पोराला चुकलं नाही, मला कसं चुकेल?"

दिला बिल्ला! फिनलेनं मान वर केली नाही. घरापर्यंत चार पावलं पुढेच चालला. माझी लाज वाटली असणार. वाटू दे. उद्या भाकर मला त्यालाच आणून द्यायचीय, तेव्हा डोळा मारणार आहे.

८ सप्टेंबर, सोमवार

काल पवित्र दिवस, लिहायचं नसतं. मेजाशी बसले. भाकर दुसऱ्याच वडिलांनी दिली. वळून पाहिलं तर फिनले मागच्या बाकावर, माझ्या जागी.

आज सकाळी बोलला. "तू सांगितलंस तसं मला कधीच सांगता आलं नसतं. इतकी वर्षं लोकांना भाकर वाटत आलो. पण देवानं मला निवडलंय का, माझं मलाच माहीत नाही, डोलिना."

आणि रडला. मी त्याला जवळ घेतलं.

आता मला मरायला सवड नाही.