मामांची टाकी, माझा शब्द

सोम. ९ फेब्रु.
सकाळचं दूध संकलन नीट. फॅट जरा खाली, म्हशीवाल्यांची कुरकुर. टँकर वेळेत गेला.

दुपारी नीलेशचा फोन. शिरूरच्या दत्तामामांचा मुलगा, शिक्रापूरला कंपनीत असतो तो. म्हणाला, "ताई, मार्चपासनं टाकी काढून नेतो. आप्पांना झटका आलाय, उजवी बाजू गेली. सर्व्हिस कोण देणार? मला न्हाई जमायचं. एक डेअरीवाला आमच्या सगळ्या टाक्या एकदम घेतोय."

मी म्हणाले, "असं कसं? करार हाय ना आपला!"

मामा कसे आहेत हे आधी विचारायला हवं होतं. फोन ठेवल्यावर सुचलं.

मंगळ. १०
करार काढून वाचला. दोन वर्षांपूर्वी न वाचताच सही केली होती, कारण समोर मामा होते. पाच वर्षं. दूध थंड करायची टाकी त्यांच्या मालकीची, जागा आणि वीज आपली, भाडं आपण द्यायचं, बिघाड त्यांनी काढायचा. खाली मामांची सही, शेजारी माझी. मधेच एकाला नको झालं तर काय, ते कुठंच नाही.

हे फर्स्ट शिफ्ट करून आले. म्हणाले, "दुसरी बघ ना मग. टाकीच तर हाय."
टाकीच तर आहे. टाकी गेली तर वस्तीवरच्या बायकांनी संध्याकाळचं दूध कुठं घालायचं? पुन्हा यवतच्या हॉटेलवाल्याला, तो देईल त्या भावानं? केंद्र काढायच्या आधी तेच चाललं होतं. मला परत तिथं जायचं नाही.

गुरु. १२
कुणाला काही बोलले नाही. तरी शेवंताकाकूंनी ओळखलं. कॅन ओतता ओतता म्हणाल्या, "तोंड का गं असं? घरी भांडान झालं का?" नाही म्हणाले. त्यांच्या सासऱ्यांनी मेंढरं विकून गाया घेतल्या, तेव्हापासून त्या घरात दूध हाच पगार. त्यांना सांगताना जीभच वळेना.

शुक्र. १३
दौंड. कोर्टासमोरच्या जगताप वकीलबाई. केबिनमध्ये पंखा बंद, गर्दी फार. माझं सगळं ऐकून घेतलं. पहिला प्रश्न: "करारावर सही कुणाची?"
"मामांची."
"मग पोराच्या फोनवर जाऊ नका. ज्याची सही, त्याला विचारा. तो नाही म्हणाला, तर तो नकार."
"आन् न्हाई म्हणाले तर?"
"तर दोन वाटा. एक, करार त्यांनी मोडला असं धरायचं, तसं कळवायचं, मोकळं व्हायचं, दुसरी टाकी बघायची. नुकसान झालं तर मागता येतं. दुसरी, करार चालू आहे असं धरून थांबायचं. पण करार जिवंत ठेवलात तर तो त्यांच्यासाठीपण जिवंत राहतो. उद्या ते म्हणाले, चला देतो टाकी, तर तुम्हाला नाही म्हणता येणार नाही."
"म्हंजी मी काय ते ठरवून कळवेपर्यंत त्यांना शब्द फिरवता येतो?"
"येतो. म्हणून काय ते एक ठरवा. आणि तोंडी ठेवू नका."

येताना पॅसेंजर चुकली, एस.टी.नं आले. सगळं समजलं होतं. झटका आलेल्या माणसाला जाऊन हे कसं विचारायचं, तेवढं त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

रवि. १५, महाशिवरात्र
उपवास. सकाळचं संकलन उरकून शिरूरला. न्हावऱ्याच्या रस्त्यानं, ह्यांच्या गाडीवर.

मामा पुढच्या खोलीत कॉटवर. दाढी वाढलेली. गेल्या वर्षी टाकीखाली आडवे होऊन पाना फिरवणारा हाच माणूस. "आता बघ पोरी, बर्फ पाडतो का न्हाई" म्हणायचे. आज मला बघून तोंड हललं, शब्द अर्धाच आला. मामींनी पुरा केला: "संगीता म्हणत्यात."

राजगिऱ्याचे लाडू नेले होते. मामी पाणी आणायला आत गेल्या तेवढ्यात विचारून टाकलं. मामा, टाकी ठेवताय का नेताय? तुम्हीच सांगा.

नीलेश दारातून चिडला. "त्यांना कशाला इचारता ताई? मी सांगितलं की!"

मामांनी डावा हात वर केला. तो गप्प बसला. मग बराच वेळ लावून, एकेक शब्द जमवत म्हणाले, "न्हाई... व्हायचं. तू... दुसरी बघ." आणि डोळे पुसायला उजवा हात उचलायला गेले. तो उचलला नाही.

नीलेश आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आला. हळू आवाजात म्हणाला, "मला कळतं का न्हाई ताई? ड्युटी करू, त्यांना बघू, का टाक्या बघू?" तिशीतला पोरगा, डोळ्यांखाली काळं. माझा राग तिथंच संपला.

पारगावच्या पुलावर हे म्हणाले, "चला, उत्तर तरी मिळालं." हो. कायद्यानं पाहिजे तेवढं सरळ उत्तर मिळालं.

सोम. १६
बायकांना सांगितलं. शेवंताकाकू: "म्हाताऱ्याला कशाला दोष? पण आमचं दूध थांबता कामा न्हाई, बघ."

बुध. १८
कोरेगाव भीमाहून पूजा आणि तिचा नवरा येऊन जागा बघून गेले. नवीनच धंदा करतायत, टाक्या भाड्यानं द्यायचा. आपली त्यांची पहिलीच. पूजानं फुटपट्टीसारखे हात लावून खोली मोजली, मग हसून टेप काढली. चुणचुणीत. बोलणं पटलं. एक मार्चपासून टाकी, कागद टाकी आल्यावर करू. मी म्हणाले, "हो. नक्की." जाताना ती माझ्या पाया पडायला वाकली. मी हात धरला.

वकीलबाईंनी सांगितलेलं मामांना कळवायचं राहिलंय, करार संपला म्हणून. दोनदा लिहायला बसले. मामींच्याच हातात पडणार ते. उद्या.

शनि. २१
पूजाच्या नवऱ्यानं गवंडी पाठवून नव्या टाकीसाठी ओटा घातला. खर्च त्यांचा. बायका पाणी मारतायत सकाळ-संध्याकाळ. मामांच्या टाकीशेजारीच ओला ओटा. बघवत नाही, आणि बरंही वाटतं.
लिहिलं नाही अजून.

मंगळ. २४
हात दुखतायत, पण लिहितेच.

सकाळी केंद्र उघडलं तर आवाजच नाही. कॉम्प्रेसर बंद. लाईट होती. कालचं संध्याकाळचं दूध आत, बाहेर बायका कॅन घेऊन उभ्या. यवतचा मेकॅनिक लग्नाला गेलेला. काय करावं कळेना. हात आपोआप नीलेशच्या नंबरवर गेला. तो नाईट संपवून घरी पोचत होता. "बघतो" म्हणाला.

बायकांना म्हणाले, सकाळचं दूध घरी न्या, तूप करा, काहीही करा. शेवंताकाकू हलेनात. विहिरीतून पाणी काढून गोणपाटं भिजवली, टाकीला गुंडाळली. बाकीच्यांनी बघितलं आणि कॅन खाली ठेवून त्याही लागल्या. टँकरवाला आला, थर्मामीटर बुडवला, मान हलवली. म्हणाला, "असं न्हाई घेता येत वहिनी. पण चहा घेईपर्यंत थांबतो." तो चहा त्यानं चारदा घेतला.

मग नीलेशची गाडी. पुढच्या सीटवर मामा!
"ऐकतच न्हाईत," नीलेश म्हणाला. "चपला घालून दारात उभे."

आम्ही खुर्चीसकट मामांना टाकीजवळ नेलं. त्यांनी कान पुढं केला, नीलेशला बटण दाबायला लावलं. नुसती गुंगुं. डाव्या हातानं पत्र्याची पेटी दाखवली. नीलेशनं उघडली.
"ह्यो का आप्पा?"
मामांनी नाही अशी मान हलवली.
"ह्यो?"
"खाल... खालचा."
कपॅसिटर. फुगलेला. पिशवीतून नवीन निघाला, मामांनी येतानाच घ्यायला लावला होता. नीलेशचे हात, मामांचे डोळे. एकदा चुकीची वायर धरली तर मामांनी मांडीवर अशी थाप मारली की सगळ्या बायका दचकल्या. बटण दाबलं. टाकी घरघरली.

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मामा हसले, अर्धं तोंड हसलं.

दोन कॅन नासले. बाकी गार झालं, टँकरवाला घेऊन गेला.

निघताना मामांनी शेजारचा ओटा बघितला. काय समजायचं ते समजले. तरी नीलेशकडं बघून म्हणाले, "सांग."
नीलेश म्हणाला, "ताई, बाकीच्या टाक्या देऊन टाकतो. ही र्‍हाऊ द्या. करार हाय तसा. सुट्टीला मी येत जाईन, आप्पा सांगतील तसं करीन."
मामींनी पाठवलेला डबा हातात घेऊन नुसती उभी.

बुध. २५
वकीलबाईंना फोन.
"करार संपला असं कळवलंत त्यांना?"
"न्हाई. लिहिणारच होते."
"मग त्यांना शब्द मागं घेता येतो. करार चालू."
"आन् कोरेगावची? तिचा ओटापण झालाय."
"कागद नसला तरी तुम्ही हो म्हणालात, तिनं त्यावर खर्च केला. तिला आता नको म्हणालात, तर संगीताताई, मोडणाऱ्या तुम्ही."

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "मामांनी आधी नको म्हटलं, चूक त्यांची." चूक कुणाची हे शोधून काय करू? नीलेशचा मेसेज: आप्पा काल पोटभर जेवले, किती दिवसांनी.

गुरु. २६
पूजाचा फोन. "ताई, टाकी आली आमच्या दारात! आईनं ओवाळली. परवा शनिवारी घेऊन येऊ ना?" मागं कुणी लहान मूल ओरडत होतं, टाकी टाकी. मी सांगायला तोंड उघडलं. "ये," एवढंच बाहेर पडलं.

शेवंताकाकू म्हणतात दोन्ही ठेव, रेल्वे लायनीपलीकडच्या वस्तीचं दूध आण. त्यांनी आजच दोघींना विचारलंपण. पण उन्हाळ्यात दूध आटतं. दोन टाक्या अर्ध्या-अर्ध्या चालवून दोघांनाही बुडवीन अशी भीती वाटते.

शुक्र. २७
पूजाला फोन करून खरं सांगितलं. सगळं, मामांचं दुखणं, मंगळवारची सकाळ, वकीलबाई काय म्हणाल्या ते. ती म्हणाली, "ताई, आमचं काय मग?" आवाज रागाचा नव्हता. रागाचा असता तर बरं झालं असतं.
म्हणाले, उद्या या. टाकी न आणता या. मी नीलेशलाही बोलावते, एकत्र बसून ठरवू.
नीलेशला कळवलं. तो म्हणाला, "आप्पांना आणू का?" आण म्हणाले.

शनि. २८
सकाळचं दूध जाऊन तासभर झाला. पलीकडच्या वस्तीवरच्या चार बायका येऊन रेट विचारून गेल्या, घालू म्हणाल्या नाहीत, नाहीपण म्हणाल्या नाहीत. शेवंताकाकूंनी स्वतःहून चुलीवर मोठं पातेलं चढवलंय चहाचं. अंगणात पाच खुर्च्या मांडल्या. पूजाची गाडी फाट्यावर आलीये, नीलेश पारगावला.

मामांसमोर पूजाला काय म्हणू, पूजासमोर मामांना काय म्हणू? पहिलं वाक्य अजून सुचत नाहीये. गाडीचा हॉर्न वाजला. बघते कुणाची आली.