तुम्ही टाळ्या वाजवल्या तो सिनेमा

आबा, मागच्या रविवारी तो सिनेमा पुन्हा पाहिला. दादाच्या कर्वेनगरच्या घरी, त्याच्या नातीच्या लॅपटॉपवर. लॅपटॉप म्हणजे काय हे तुम्हाला सांगत बसले तर सगळं तिथंच संपेल. मांडीवर मावेल एवढं थेटर समजा. सिनेमा सुरू झाला, घोडे धावत आले आणि मला एकदम कॅम्पातल्या त्या थेटरातल्या खुर्च्यांचा वास आला. आईनं लग्नाला नेसायचं लुगडं नेसलं होतं. तुम्ही मंडईत माल टाकून, नळावर तोंड धुऊन, फेटा नव्यानं बांधून आला होता. तिकिटं दादानं काढली होती. तो शहरात कॉलेजला होता, आपल्या घरातला पहिलाच. इंग्रजी सिनेमा आपल्याला काय कळणार, असं आई म्हणाली, तर तो म्हणाला, मी सांगतो ना शेजारी बसून. एवढा खर्च करून तो आपल्याला सगळ्यांना वारज्याहून का घेऊन आला, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. मी दहावीत होते, मला तर फक्त पडदा केवढा असतो ते बघायचं होतं.

गोष्ट तुम्हाला आठवत असेल. घोड्यांच्या पैदाशीवर श्रीमंत झालेलं घराणं, नजर पोचणार नाही एवढी जमीन आणि घरात ज्याच्यापुढं कुणी बोलत नाही असा म्हातारा. त्याचा मुलगा मळ्यावरच्या मजुरांतली एक मुलगी लग्न करून घरी आणतो. ते मजूर त्या मुलखातले मूळचे लोक, पण गोऱ्यांच्या पंगतीला त्यांना जागा नाही. बाल्कनीतली कॅम्पातली सुटाबुटातली माणसं विनोद झाला की लगेच हसायची. मग दादा आपल्याला अर्थ सांगायचा आणि आपण चौघं मागाहून हसायचो, तेव्हा पुढचा माणूस वळून बघायचा. आई सगळा वेळ त्या वाड्याएवढ्या घरात चूल कुठं दिसते का ते शोधत होती. तुम्ही घोडे बघत होता. एका घोडीला पाय दुखतोय हे तुम्ही दादाला सांगितलंत, सिनेमात कुणालाच ते ठाऊक नसताना.

मग मेजवानीचा प्रसंग आला. शर्यत जिंकल्याबद्दल सगळ्या मुलखाला जेवण आहे, लांबच लांब टेबलं मांडलीत आणि सून बसायला जाते तर जेवण देणारा मांडवाचा मालक तिची खुर्ची ओढून घेतो. तुम्ही दादाला विचारलंत, का रं, का बसू देत न्हाई? दादा म्हणाला, तिला खालच्या जातीची धरतात, आबा. तुम्ही पडद्याकडं नीट पाहिलंत आणि म्हणालात, "कशावरनं? चांगली गोरीपान हाय की."  मला आजही तेवढं एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येतं. आपल्याला ती सगळी माणसं सारखीच दिसत होती. त्यांच्यातली वरची कोण, खालची कोण, हे आपल्या डोळ्यांना ओळखूच येत नव्हतं, म्हणून तिच्यावर अन्याय होतोय हे आपल्याला इतकं सरळ कळलं.

म्हाताऱ्यानं कोट काढला. त्यानंतर दादाला काही सांगावं लागलं नाही. खालचे लोक शिट्ट्या मारायला लागले, बाल्कनीतले सुटाबुटातले उठून उभे राहिले. म्हातारा पहिली बुक्की मारतो, टेबल उलटतं, काचेची भांडी फुटतात. तो मालक म्हाताऱ्याहून तरुण, तगडा. तो त्याला मारतो, पाडतो, पुन्हा उभा करून मारतो. म्हाताऱ्याच्या नाकातून रक्त गळतंय, तरी तो उठतोय. तुम्ही टाळ्या वाजवत होता आबा, दोन्ही हात वर करून, आणि तुमच्या मिशांवरून पाणी ओघळत होतं. तुम्हाला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आजी गेली तेव्हासुद्धा. परतीच्या बसमध्ये तुम्ही तेच बोलत राहिलात. "सुनेसाठी मार खाल्ला गड्यानं. मर्द हाय." आई म्हणाली, "हरला की पण." तुम्ही म्हणालात, "हरू दे की." दादा खिडकीबाहेर बघत होता. काच काळी झाली होती, त्यामुळं त्याचा चेहरा मला तिच्यात दिसत होता. तो हसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तुम्हाला गोठ्यात गाठलं. तुम्ही बैल बाहेर काढत होता, हातात कासरा होता. मी शेणाची पाटी घेऊन दारात उभी. त्यानं आडवळण घेतलं नाही. ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली, त्याच्या कॉलेजातली मुलगी, तिच्याशी लग्न करायचंय, असं सांगून टाकलं. तुम्ही कासरा सोडला नाही. दुहेरी केलात. पहिला फटका पाठीवर बसला तेव्हा दादा हसल्यासारखा झाला. त्याला वाटलं असेल, एकच असेल. मग तोंडावर, मानेवर, हातांवर. तो म्हणाला, "आबा, काल तुम्हीच टाळ्या वाजवल्या." आणि तुम्ही म्हणालात, "पिक्चर पिक्चरच्या जागी." कासरा टाकून तुम्ही खोऱ्याचा दांडा उचललात. दादानं डोकं वाचवायला हात वर केला आणि तो हात कोपराच्या खाली वाकला, जिथं हाताला वाकायला जागा नसते. बैल भेदरून दाव्याला हिसके देत होते. आई मध्ये पडली, म्हणाली, मारा, मला मारा. तुम्ही तिलाही मारलंत. मला वाटतं, मध्ये कोण आलंय ते तुम्ही पाहिलंच नव्हतं. तुमचा हात तसा सगळ्यांवर चालायचा. बैलांवर, गड्यांवर, आमच्यावर. पण त्या सकाळी तुम्ही थकेपर्यंत मारत होता आणि थकल्यावर दाराशी बसून, धापा टाकत, तुम्ही मला म्हणालात, "डागदरला बोलव." कुणासाठी, ते बोलला नाहीत.

दादा हात प्लास्टरमध्ये घेऊन गेला. त्याच हातानं लग्नाच्या कचेरीत सही करता येईना म्हणून त्यानं डाव्या हातानं सही केली, हे वहिनीनं मला कितीतरी पुढं सांगितलं. त्यांनी कर्वेनगरला खोली घेतली. तेव्हा तिथंही सगळी शेतंच होती, मधूनमधून बंगले उठायला लागले होते. आपल्या घरात त्याचं नाव काढायचं नाही असं ठरलं. ठरलं म्हणजे तुम्ही ठरवलंत.

आणि मग तो स्टँडचा दिवस. मी शाळेला जायला बसची वाट बघत उभी होते. वहिनी तिच्या आईला बघायला वस्तीत आली होती, ती परत निघाली होती. ती मला ओळखत होती, मी तिला. आम्ही बोललो नाही, पण ती माझ्याकडं बघून जराशी हसली. चहाच्या टपरीवर तुमचा थोरला पुतण्या त्याच्या दोघा मित्रांबरोबर बसला होता. तो उठला, तिच्या समोर गेला आणि म्हणाला, "आमच्या घरात घुसली का गं तू?"  ती बाजूला झाली तर तो पुन्हा समोर. मग त्यानं पायातली चप्पल काढली. पहिली तिच्या तोंडावर बसली. दुसऱ्या वेळी त्यानं तिचे केस धरले आणि तिला खाली ओढलं. तिचं कपाळ बसथांब्याच्या कट्ट्यावर आपटलं. तो आवाज मी ऐकला. स्टँडवर माणसं होती, आपल्याच भावकीतली. कुणी जागचं हललं नाही. मीही हलले नाही. 

तेवढ्यात तुमची गाडी वळणावरून आली. वांग्याच्या पाट्या भरलेली. तुम्ही गाडी थांबवली, खाली उतरलात आणि जूमधली शिवळ, ती हातभर लाकडी खुंटी, उपसलीत. बैल मोकळे झाले, गाडी पुढं कलंडली, वांगी रस्ताभर झाली. तुम्ही शिवी दिली नाही, ओरडला नाहीत. पुतण्याच्या गुडघ्यावर शिवळ मारलीत. तो खाली बसला तर खांद्यावर. "सून हाय माझी," तुम्ही म्हणालात, "सून हाय." प्रत्येक घावाला एकदा. मग त्याच्या मित्रांनी तुम्हाला मागून धरलं. एकानं टपरीवरचं लाकूड उचललं. तुमचा फेटा गेला. कानावर घाव बसला, त्या कानानं तुम्हाला पुढं कधी ऐकू आलं नाही. तोंडावर बसला. तुम्ही पडलात, गुडघ्यावर आलात, पुन्हा पडलात, पुन्हा उठायला लागलात. शेवटी टपरीवाला आणि बसचा कंडक्टर यांनी मिळून त्यांना बाजूला केलं. तुम्ही रस्त्यात, वांग्यांमध्ये बसून रक्त थुंकत होता आणि रक्ताबरोबर दात पडले.

वहिनीच्या कपाळातून रक्त वाहत होतं. पदर लावून ते दाबत ती टपरीवर गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन तुमच्यासमोर येऊन वाकली. तुम्ही तांब्याकडं पाहिलंत. तिच्याकडं पाहिलंत. मग तोंड फिरवलंत आणि मला म्हणालात, "पाणी तू आण."

ती तशीच वाकून उभी राहिली, आबा. मी टपरीवरून दुसरा तांब्या आणला. माझ्या हातून तुम्ही चूळ भरलीत, प्यायलात. तेव्हा कुठं ती सरळ झाली आणि आपल्या तांब्यातलं पाणी तिनं आपल्याच कपाळावर ओतलं.

त्यानंतर वारज्यात तिच्या वाटेला कुणी गेलं नाही. पुतण्या जन्मभर लंगडला. भावकी तुटली, पण तुम्ही पर्वा केली नाहीत. दर आठवड्याला माझ्याबरोबर दादाच्या खोलीवर भाजी पाठवायचात, मंडईच्या मालातली निवडक. तुमच्या मळ्यातली वांगी तिच्या चुलीवर शिजली, तिच्या चुलीवरचं काही तुमच्या तोंडात गेलं नाही. ती कधी आपल्या उंबऱ्याच्या आत आली नाही, तुम्ही कधी तिच्या खोलीवर गेला नाहीत. गावातले म्हणायचे, म्हाताऱ्यानं सुनेसाठी दात घालवले. ते खरंच होतं. मी किती वर्षं यावर विचार केलाय. मार द्यायला तुम्ही तयार, मार खायला तयार, मरायलाही तयार झाला असता. एक घोट पाणी प्यायला मात्र तयार झाला नाहीत. थेटरात सगळे म्हाताऱ्यानं कोट काढल्यावरच उठले होते. कारण बुक्की मारणं सगळ्यांना समजतं. तुम्हाला तर ते रोजचंच होतं.

रविवारी आम्ही पाचजण होतो. दादा, वहिनी, मी, दादाची मुलगी आणि नात. नात सिनेमा बघताना मध्येमध्ये फोनही बघत होती. म्हणाली, "फारच प्रॉब्लेमॅटिक आहे हे. तिच्यावरून एवढं रामायण आणि तिला डायलॉगच नाही." तिची आई म्हणाली, त्या काळात एवढं दाखवलं हेच खूप. दोघींची जरा खडाजंगी झाली. म्हाताऱ्यानं कोट काढला तेव्हा दादाच्या डोळ्यांत पाणी आलं, एवढं सगळं होऊन गेल्यानंतरही. तो वाकडा हात चोळत बसला होता. त्याला बोललेलं फारसं ऐकू येत नाही आता, पण मारामारीला ऐकू यावं लागत नाही.

वहिनीनं तो सिनेमा कधीच पाहिला नव्हता. इतकी वर्षं आमच्या तोंडून ऐकला होता फक्त. ती भाजी निवडत बसली होती, चष्म्यातून अधूनमधून वर बघायची. मारामारी संपली, म्हातारा चिखलात पडला, संगीत वाढलं, लोक त्याला उचलायला धावले. वहिनी म्हणाली, "छान आहे. पण त्या बाईला शेवटी जेवायला मिळालं का?"

 नातीनं सिनेमा मागं नेऊन पाहिला. पडद्यावर सगळे म्हाताऱ्याभोवती आहेत. ती कुठं गेली ते कॅमेऱ्यानं दाखवलेलंच नाही. तुम्ही आणि मी आणि ते अख्खं थेटर, कुणालाच ती गेलेली कळली नव्हती. नात म्हणाली, "आजी, दाखवलं नाहीये." वहिनी म्हणाली, "असू दे," आणि मेथीची जुडी पुढं ओढली.

घरी आल्यापासून हे लिहितेय. तुम्हाला चार गोष्टी कडक शब्दांत सुनावायच्या होत्या. वहिनीला वाचून दाखवावं असंही एकदा मनात आलं. पण दाखवणार नाही, कारण एक गोष्ट तिला मी कधी सांगितलेली नाही आणि सांगणारही नाही. त्या दिवशी स्टँडवर, ती तांब्या घेऊन वाकलेली असताना आणि तुम्ही तोंड फिरवलेलं असताना, तुमच्या हनुवटीवरून रक्त गळत होतं आणि मला तुमचा अभिमान वाटत होता. आबा, तो अजून गेलेला नाही.