गाडी पूजेला आहे

८ सप्टेंबर, सोमवार
ह्यांना ट्रेनिंगला बसावं लागणार. पूर्व-अभियांत्रिकी आणि तंत्रज्ञान शिकवणाऱ्या सगळ्याच शिक्षकांना आहे. सव्वीस वर्षं मुलांना लेथ आणि कानस शिकवली, आता म्हणे स्वतः रोबोटिक्स शिका. संस्थेत टेक्निकलचे शिक्षक दोन, हे आणि बाजीराव सर. नवी लॅब एकच. ट्रेनिंगमध्ये जो पास होईल तो इथे नेरूळला लॅब सांभाळणार. दुसऱ्याची बदली संस्थेच्या पोलादपूरच्या शाळेत. करंजाडेहून पोलादपूरला रोज जाऊन येणं शक्य नाही. म्हणजे हे तिकडे खोली घेऊन राहणार आणि मी इथे चौथ्या मजल्यावर एकटी, समोरच्या बिल्डिंगचं काम बघत.
हे फक्त "बघू" म्हणाले. ह्यांच्या बघूवर सोडलं तर झालंच कल्याण.
निश्चय: ट्रेनिंग मी अंगावर घेतलं आहे. माझी मॅट्रिक पहिल्या फटक्यात झाली होती.

१० सप्टेंबर, बुधवार
कुरिअरने किट आलं. त्यातून एक गाडी जोडायची, ती काळ्या पट्टीवरून आपोआप चालली पाहिजे, आणि तिचा व्हिडिओ एक ऑक्टोबरला पाच वाजायच्या आत पाठवायचा. मी देवाचं आवरून बाहेर येते तर हे कात्री घेऊन बसलेले. हातातून काढून घेतली. पितृपक्षात नवी वस्तू उघडतात का? हे म्हणाले, बाकीचे सगळे आजच जोडतायत. म्हटलं, त्यांना पास व्हायचं नसेल.
घटस्थापनेला उघडू. तोवर खोकं माळ्यावर, वरून जुनं धोतर घालून.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
क्लास संध्याकाळी सहा ते आठ, लॅपटॉपवर. नेमकी दिवेलागण. आणि नेट येतं फक्त देव्हाऱ्यासमोर. शिकवणारी मनाली मॅडम, पूर्वी महापेला कुठल्याशा कंपनीत होती, वयाने आमच्या लेकीएवढी. मी घंटा वाजवली तशी म्हणाली, कोणाकडे तरी फायर अलार्म वाजतोय, प्लीज बघून घ्या. आरतीलाही तेच. हे कानाला हेडफोन लावायला लागले, तर मी लावू दिला नाही. मला ऐकू कसं येणार?
आज "सेन्सर" शिकवला. म्हणजे डोळा. एवढंच सांगायला दोन तास.

१७ सप्टेंबर, बुधवार
आज जरा गडबड झाली. पण चूक माझी नाही.
दूध नासलं म्हणून ह्यांना पाच मिनिटं खाली पाठवलं. नेमकी तेव्हाच मॅडमने हजेरी सुरू केली. ह्यांची गैरहजेरी लागू नये म्हणून मी माईकचं बटण दाबलं. मॅडमने विचारलं, कोण बोलतंय, सरांचं पूर्ण नाव सांगा. आता नाव कसं घेणार? नवरात्र तोंडावर आलेलं. शेवटी उखाणा घेतला.
"स्क्रीनवर दिसतात चेहरे, खाली नावांची ओळ, दिनानाथरावांची हजेरी लावा, नेटचा आहे घोळ."
साठ शिक्षक ऐकत होते. कोणी तरी टाळ्या वाजवल्या, बहुतेक बाजीराव सरांनीच. हजेरी लागली, ते महत्त्वाचं. ह्यांना मात्र काही किंमत नाही. जेवताना वर बघितलं नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना
घट बसल्यावर खोकं उघडलं. ह्यांनी दोन तासांत गाडी जोडली. मुहूर्ताचा गुण.
किटबरोबर नवे सेल आले होते. ते मी भिंतीवरच्या घड्याळासाठी ठेवून दिले आणि गाडीत टीव्हीच्या रिमोटमधले घातले. अजून जीव होता त्यांच्यात. गाडी एवढी हळू चालली की मी मध्ये साबुदाण्याला फोडणी देऊन आले, तोवर ती एका फरशीवरून दुसरीवर आली होती. हे म्हणाले, सेल बदलू. म्हटलं, शर्यत आहे का?

२४ सप्टेंबर, बुधवार
पट्टीसाठी पांढरा चार्ट पेपर हवा म्हणे. घरात गेल्या वर्षीचं कॅलेंडर पडलंय, पानं उलटी करून चिकटवली, काम झालं. पण मागच्या बाजूला छापलेलं असतं हे मेल्या गाडीला कोण सांगणार. पट्टी सोडली आणि अळूवडीच्या कृतीत शिरली. तिथून राशिभविष्यात. कन्या राशीत गोल गोल फिरत बसली.
ह्यांनी डोक्याला हात लावला. मी म्हटलं, मॅडमला विचारा, डोळा कच्चा दिला असेल. तर म्हणाले, डोळा चांगला आहे, सगळं वाचतोय.
अलीकडे हे तिरकं बोलतात.

२७ सप्टेंबर, शनिवार
बाजीराव सरांच्या बायकोचा, जयमालाचा फोन. त्यांची गाडी हॉलमधून स्वयंपाकघरात जाऊन परत येते म्हणाली. मी म्हटलं, आमची तर भविष्यसुद्धा बघते. तिने विषय बदलला.
पण मी मनातून धसका घेतला. आणि हे? तीन दिवस क्लास शाळेतच करून येतात. नेट बरं आहे म्हणे तिथे. गाडीसुद्धा पिशवीतून नेतात. मी शेजारी नसताना ह्यांच्या डोक्यात काय शिरणार? एवढी मरमर करते ती कोणासाठी? मला काय ती लॅब अंगावर घालून मिरवायची आहे?

३० सप्टेंबर, मंगळवार. अष्टमी
पास करणं शेवटी देवीच्या हातात. उद्या खंडेनवमी. गाडीची यथासांग पूजा करणार, मग बघते कशी चालत नाही ती.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी
सकाळी हे शाळेत गेल्यावर चौरंग मांडला. ह्यांची जुनी कानस, पाने, स्क्रूड्रायव्हर, गाडी आणि लॅपटॉप. ज्याच्यावर पोट आहे ते सगळं. हळदकुंकू, अक्षता, सगळ्यांना मिळून एक लाल दोरा. डोळे भरून आले.
साडेतीनला हे आले. चौरंगाकडे बघून उभेच राहिले, चप्पल पायात तशीच.
"गाडी राहू दे," म्हणाले. "व्हिडिओ शाळेत झालाय, बाजीरावच्या चार्टवर. मला फक्त लॅपटॉप दे, व्हिडिओ त्यातच आहे. एक बटण दाबायचंय."
आता पूजेला लावलेलं हत्यार उद्या सीमोल्लंघन होईपर्यंत हलवायचं नसतं. आणि ही रीत माझ्या माहेरची नाही, ह्यांच्याच घरची. लग्नानंतरच्या पहिल्या नवमीला मी चुकून विळी उचलली, तर सासूबाईंनी महिनाभर ऐकवलं होतं आणि हे त्यांच्या बाजूने मान हलवत होते. त्याची आठवण करून दिली. हे खुर्चीत बसले.
मी काही हातावर हात ठेवून बसणारी नाही. मॅडमला फोन लावला, एक दिवस वाढवून द्या.
"गाडी पूजेला आहे," मी म्हटलं.
"पुण्याला? पुण्याला कशी गेली?"
"पुण्याला नाही हो, पूजेला. दोरा बांधलाय. लॅपटॉपलाही."
 तर म्हणाली, काकू, पोर्टल पाच वाजता आपोआप बंद होतं, माझ्या हातात नाही. म्हणजे मशीनच्या हातात. त्याला ना सण ना वार.
पाच वाजता ह्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि चहा मागितला. ओरडतील वाटलं होतं. उलट दोन कप प्यायले. इतके शांत बऱ्याच दिवसांत दिसले नव्हते.

६ ऑक्टोबर, सोमवार
लॅब बाजीराव सरांना. ह्यांची ऑर्डर पोलादपूरची, दिवाळीनंतर.
चार आठवडे मी राबले, आणि एका बटणावरून सगळं गेलं. अशी कसली परीक्षा? मुख्याध्यापकांना भेटायला निघाले होते, ह्यांनी दारातच अडवलं. लेकीला कळवलं, तर ती म्हणाली, आई, बाबांना जाऊ दे. तिला काय कळतंय. सकाळी ह्यांच्या चहात साखर कमी जास्त झाली तर तिकडे कोण बघणार?

१७ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळ
हे जाऊन दोन आठवडे झाले. दर शनिवारी यायचं ठरलं होतं. पहिल्या शनिवारी शाळेत प्रदर्शन निघालं, परवा लेथ बिघडलं. ह्यांची तब्येत म्हणे सुधारलीय. स्वतःच्या हाताने भाकरी करतात. मला तर पटत नाही.
आज जयमालाकडून कळलं, ट्रेनिंगची दुसरी बॅच जानेवारीत आहे. पास झाले तर परत नेरूळला येता येईल. लगेच फोन केला. सगळं सांगितलं. जानेवारीत पितृपक्ष नाही, नवरात्र नाही, काही आड येत नाही. आणि ह्या वेळी मी स्वतः तिकडे येऊन महिनाभर शेजारी बसेन, म्हटलं.
फोन कट झाला असं वाटलं. दोनदा अहो, अहो केलं.
"इथे रेंज नसते गं," हे म्हणाले.
आवाज मात्र शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ येत होता. मागे कोणी तरी रेडिओ लावला होता, तोही ऐकू आला.